ओल्या केसांनी सीरियाला

झुमराच्या घरी बसायला जायचं तर पायातले बूट सैलच ठेवावेत, असं आमच्या लुगोवी गावात सगळे म्हणायचे. आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या मिळतात. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी वाटेला लावायची. तिसरी समोर आली की शहाण्या माणसानं घटाघट प्यायची, कप पालथा घालायचा आणि उठायचं. तोंडानं कुणी कुणाला 'निघा' म्हणत नाही. आणि तिसरी आल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानिणीच्या तोंडावर थुंकणं. झुमराची गंमत अशी, की तिला मधली कॉफी मान्यच नव्हती. पहिलीचा शेवटचा घोट तुमच्या घशात असतानाच ती तिसरी घेऊन उभी.

मी तिच्या समोरच राहते. पोस्टाच्या खिडकीत उभं राहून आयुष्य काढलं, त्यामुळे माझा स्वभाव काही फार गोड नाही. तरी माझ्याकडे माणसं तास-तासभर बसतात. झुमराकडे कुणी अर्धा तास टिकलं तर गावात त्याची बातमी व्हायची.

तिला दोष तरी कसा द्यायचा? लाकूड गिरणीच्या खानावळीत पहाटेपासून घेवड्याचं सूप ढवळायचं, दुपारी घरी येऊन फरशी पुसायची, संध्याकाळी पुन्हा भांडी. नवरा हसीब लढाईत गेला. गेला म्हणजे फार लांब नाही गेला. घरामागच्याच टेकडीवर मोर्चा होता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. जेवणाचा डबा घेऊन सकाळी वर चढला तो खाली आणावा लागला. मुलगा आयदिन तेव्हा पाळण्यात होता. त्याला तिनं एकटीनं वाढवलं, आणि जगात तिला भीती उरली ती एकाच गोष्टीची, वाऱ्याच्या झोताची. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहिल्या की मधल्या माणसाचं मूत्रपिंड गेलं, कान गेला, मान गेली. हे काही एकट्या झुमराचं वेड नव्हे. आमच्याकडे तोफगोळे पडताना तळघरात बसलेली माणसं एकमेकांवर ओरडायची, "अरे ते दार लावा, झोत येतोय!"

आयदिन वीस वर्षांचा झाला आणि हातात काही काम नाही. गिरणी अर्धी बंद पडली होती. पोरगा दिवसभर फोनमध्ये तोंड खुपसून बसायचा. मग दाढी आली. मग गाणी बंद झाली. मग एके दिवशी आईला म्हणाला, टीव्ही पाप आहे, बाहेर काढ. झुमरा म्हणाली, "काढते. ही तुर्की मालिका संपू दे, अजून त्या बाईला कळलेलं नाहीये मूल कुणाचं ते."

शरद ऋतूत त्यानं जाहीर केलं, मी इस्तंबूलला बांधकामावर चाललोय, धर्मातला एक भाऊ व्हिएन्नाहून गाडी घेऊन येणार आहे आणि विमानानं नेणार आहे. झुमरानं त्याची बॅग उपसून पाहिली. कुराण होतं, टॉर्च होता, पोट बिघडल्यावरच्या गोळ्या होत्या. तिनं स्वतः विणलेले लोकरीचे मोजे मात्र कपाटातच होते.

ती त्याच पावली माझ्याकडे आली. बसली नाही. "शेम्सा, हिवाळ्यात बांधकामावर जाणारा पोरगा लोकरी मोजे ठेवून जातो का? हा गरम मुलुखात चाललाय. हा सीरियाला चाललाय."

आम्ही दोघी रेफिककडे गेलो. रेफिक आमचा पोलीस, शेजारच्या वसवियाचा चुलतभाऊ, चांगला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"काकू, कायदा नाहीये."

"कसला कायदा? पोरगा मरायला चाललाय!"

"हो, पण तिकडे जाऊन मरू नये असा अजून कायदा नाहीये. मसुदा झालाय म्हणतात राजधानीत, साराएव्होत. तोवर मी त्याला कशाखाली धरू? त्याच्या सायकलला दिवा आहे का?"

"आहे."

"मग काही करता येत नाही," रेफिक म्हणाला, आणि खरंच त्याचं तोंड उतरलं होतं.

मशिदीतल्या होजांकडे गेलो. ते म्हणाले, शुक्रवारी बोलतो. त्या दिवशी शनिवार होता आणि गाडी रविवारी यायची होती. त्या रात्री झुमरानं पोराला काय काय सांगितलं ते कुंपणापलीकडे मलाही ऐकू आलं. "आपल्याकडे युद्ध पायी चालत दारात आलं होतं रे, तुला विमानानं कशाला जायचंय?"  आयदिनला वाटत होतं, आपली आई अडाणी आहे आणि आपण तिला स्वर्गात जागा मिळवून देणार आहोत.

रविवारी दुपारी जेवणानंतर गाडी आली. व्हिएन्नाची पाटी, आतून अत्तराचा घमघमाट. उतरलेला माणूस पन्नाशीचा, दाढी विंचरलेली, घोट्याच्या वर पँट. नाव सेनाद. स्वतःला तो काहीतरी लांबलचक अरबी नावानं म्हणवून घ्यायचा, पण त्याच्या बोलण्यातून आमच्याकडच्या तेशानचा हेल लपत नव्हता. आपल्याच मातीतला, आपल्याच कुठल्या तरी बाईच्या पोटचा. विमान रात्रीचं होतं. त्यानं गाडीचं इंजिन चालूच ठेवलं होतं.

आयदिन आंघोळ करून, बॅग घेऊन बाहेर आला. केसांतून पाणी गळत होतं. झुमरा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. मी माझ्या कुंपणापाशी होते, मला वाटलं आता ही रडणार, पाय धरणार. ती म्हणाली, "ओल्या केसांनी?"

"आई, हो बाजूला."

"ओल्या केसांनी कुठे निघालास? वारा सुटलाय बघ केवढा."

"आई, मी कुठे निघालोय ते तुला माहीत आहे ना?"

"कुठेही जा. ओल्या केसांनी जायचं नाही."

आता इथे त्या माणसानं 'चल, बस गाडीत' म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. आयदिननं तिला ढकलूनही दिलं असतं. पण सेनादनं आभाळाकडे पाहिलं, झाडं हलताना पाहिली, आणि अगदी आपसूक त्याच्या तोंडून निघून गेलं, "आयदिन, आईचं बरोबर आहे. केस वाळव आधी. गाडीत खिडकीचा झोत लागेल, मान धरेल, मग पुढे त्रास."

मी शपथेवर सांगते. पोराला रणगाड्यांपुढे नेऊन उभं करायला आलेला माणूस त्याच्या मानेची काळजी करत होता.

झुमरानं संधी सोडली नाही. "आणि तुम्ही काय असे अंगणात उभे? घामेजलेले दिसताय. आत या, केस वाळेपर्यंत घोटभर कॉफी." सेनादनं घड्याळ पाहिलं, इंजिन बंद केलं, उंबऱ्यात बूट काढले आणि झुमरानं दिलेल्या सपाता घालून आत गेला. तो आत वळताच झुमरानं त्याचे बूट उचलले. पाहुण्याचे बूट पुसून ठेवणं ही आमची रीतच आहे, पण तिनं ते नळाखाली धरून घसघसा धुतले आणि चुलीच्या मागे वाळत ठेवले. मग कुंपणापाशी येऊन मला हाक मारली.

"शेम्सा, पाहुणे आलेत. गप्पांना ये."

गप्पांना! इतक्या वर्षांच्या शेजारात हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मला कळायचं ते कळलं. मी पोस्टातल्या तारेसारखी पळत सुटले, पलीकडच्या वसवियाला उठवलं, रेफिकला फोन केला, आणि लोकुमच्या चार शिळ्या गोड वड्या बशीत घालून झुमराकडे पोचले.

पहिली कॉफी झाली. दुसरी आली. मग पुन्हा दुसरी. मग पुन्हा दुसरी. झुमरा तांब्याचं भांडं चुलीवरून उतरवतच नव्हती. आयदिनचे केस केव्हाच वाळले होते आणि तो कोपऱ्यात बॅग मांडीवर घेऊन बसला होता. सेनाद दर कपाला घड्याळ बघायचा.

"निघायला हवं आता."

"हो हो, निघाच. ही तेवढी होऊ द्या," झुमरा म्हणायची आणि गप्पांची ओतायची. तिसरी काही येत नव्हती. तो अर्धवट उठायचा, सगळ्यांकडे बघायचा, पुन्हा बसायचा. त्याच्या आईनं त्याला नीट वाढवलं होतं, तिला सलाम.

त्यात त्याला पित्ताचा त्रास. व्हिएन्नाच्या डॉक्टरनं कॉफी बंद केलेली. चौथ्या-पाचव्या कपानंतर तो छाती चोळू लागला. झुमरानं त्याला खायचा सोडा पाण्यातून दिला, पाठीवर हात फिरवला आणि वर पुन्हा कॉफी ओतली. "पोटात आधार पाहिजे," म्हणून चीजचा पिटा वाढला.

रेफिक गणवेशातच आला. सेनाद एकदम ताठ झाला. रेफिकनं टोपी काढली, सपाता घातल्या, पलंगावर बैठक मारली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "कायदा नाहीये. साखर इकडे द्या."

आता आमच्याकडे गप्पांच्या कॉफीचाही एक क्रम असतो. आधी आईबापांची तब्येत, मग बायको, मग एकेक मूल, त्याचं वय, शिक्षण, लग्न. हे सगळं विचारल्याशिवाय दुसऱ्या विषयाला हात घालणं असभ्यपणा. वसविया यात पटाईत. बाईची जीभ म्हणजे गिरणीचा पट्टा.

"आई कशी आहे तुमची?"

"गुडघे गेले तिचे."

"कोबीची पानं बांधा रात्री. आणि मुलंबाळं?"

"दोन मुलगे. थोरला एकवीसचा."

"देव राखो! काय करतो?"

आणि सेनादचा चेहरा जो फुलला! तासभर पित्तानं पिवळा पडलेला माणूस एकदम सरळ बसला. "दातांचा डॉक्टर होतोय. व्हिएन्नालाच. पहिल्या वर्षात वर्गात दुसरा आला."

"अगंबाई, दातांचा डॉक्टर!" वसविया पुढे सरकली. "फोटो आहे का? लग्नाचं बघताय का? माझी पुतणी आहे, गोरीपान, बोलायला अशी..."

फोटो होता. फोटो कसला, फोनमध्ये आख्खा संसार होता. पांढऱ्या कोटातला मुलगा, प्लास्टिकच्या जबड्यासोबत मुलगा, बर्फावर घसरणारा मुलगा. फोन हातोहात फिरला. वसवियानं तेवढ्यात तोंड उघडून आपली दाढ त्याला दाखवून घेतली आणि मुलाला विचारून सांगा म्हणाली, काढावी की ठेवावी. रेफिक म्हणाला, मुलगा देखणा आहे. मीही म्हणाले. खरंच देखणा होता.

फोन शेवटी कोपऱ्यात आयदिनच्या हातात गेला. तो बराच वेळ बघत राहिला.

"हा कधी येणार आहे?" त्यानं विचारलं.

"कुठे?" सेनाद अजून हसत होता.

"तिकडे."

 सेनादनं हसू आवरलं. "त्याचं... त्याला जानेवारीत परीक्षा आहे."

"परीक्षेनंतर?"

"आयदिन, प्रत्येकाचा मार्ग वेगळा असतो, भाऊ. तो लहानपणापासून नाजूक आहे. छातीचा त्रास आहे त्याला. धूळ सोसत नाही."

मला वाटलं आता झुमरा उसळणार. मी असते तर ते भांडं त्याच्या डोक्यात घातलं असतं. पण झुमराचे डोळे भरून आले होते आणि ती अगदी मनापासून बोलली. "मग नकोच पाठवू रे बाबा त्याला. छातीचं दुखणं वाईट. तिकडे फार धूळ असेल."

आयदिननं फोन टेबलावर ठेवला. बॅग उचलून आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळानं बिनबॅगेचा बाहेर आला, कुणाकडे न बघता अंगणात गेला, आणि लाकडं फोडू लागला. एक ओंडका, मग दुसरा. आम्ही सगळे कुऱ्हाडीचा आवाज ऐकत बसलो होतो.

तेव्हा झुमरा उठली आणि तिसरी कॉफी घेऊन आली.

सेनाद ती उभ्या उभ्याच प्यायला. बूट मागितले. ओलेच होते. ते तसेच चढवून, "हातांना बरकत असो" म्हणून तो गेला. दारात मागे वळून खोकला, रुमाल गळ्याभोवती घट्ट केला.

गाडी वळणापलीकडे गेली आणि आम्ही जे हसलो! रेफिक पलंगावर आडवा झाला. वसवियानं सेनादची नक्कल केली, "धूळ सोसत नाही, भाऊ", आणि स्वतःच इतकी हसली की तिची ती किडकी दाढ आम्हाला पुन्हा दिसली. झुमरा हसत नव्हती, रडत होती आणि सगळ्यांना पिटा वाढत होती. अंधार पडता पडता वसविया घरी गेली, "पोरगा एल्मिन मासे धरायला गेलाय, येईल आता भुकेला" म्हणत.

एल्मिन मासे धरायला गेला नव्हता. तो दुपारपासून खालच्या फाट्यावर बसथांब्याच्या शेडमध्ये उभा होता. सेनादची गाडी आयदिनला घेऊन तिथून त्याला उचलणार होती. दोघांना एकमेकांचं काही माहीत नव्हतं. ही माणसं एकाचं दुसऱ्याला कळू देत नाहीत. त्याची आई झुमराच्या घरी गाडीवाल्याला अडकवून बसली होती, आणि तो वाऱ्यात उभा राहून वाट पाहत होता, एवढा उशीर का होतोय म्हणून. गाडी आली तेव्हा आत दोघांच्याही जागा रिकाम्या होत्या. तो पुढच्या जागेवर बसला.

त्या दिवशीचं विमान चुकलं असणार. दुसऱ्या दिवशीचं चुकलं नाही. आठवड्यानं एका तुर्की नंबरावरून फोन आला, "आई, मी कामाला आलोय." त्यानंतर दोन-तीनदा आला. मग बंद झाला.

वसवियानं गावात सांगितलं, एल्मिन व्हिएन्नाला आहे, गिलाव्याच्या कामावर. आम्हाला सगळ्यांना खरं माहीत होतं, आणि आम्ही सगळे विचारायचो, "काय म्हणतोय एल्मिन? थंडी फार असेल ना तिकडे?" ती सविस्तर सांगायची. मुकादम क्रोएशियन आहे, पण मनानं चांगला. खोली दोघांत आहे. आता त्याला बढती मिळाली, आता त्याच्या हाताखाली चार माणसं. एका बैरामच्या सणाला तिनं 'एल्मिननं पाठवलं' म्हणून चॉकलेटं वाटली. आमच्याच झेनित्सा शहरातल्या दुकानाचं लेबल नखानं खरवडलेलं दिसत होतं. झुमरानं एक खाल्लं आणि म्हणाली, "व्हिएन्नाचंच ते, चव कळते," आणि दुसरं मागून घेतलं.

झुमरा बदलली होती. वसविया कधीही यायची, कितीही बसायची, आणि झुमरा तिच्यापुढे तिसरी कॉफी कधी ठेवायची नाही. वसवियाला स्वतः उठून जावं लागायचं. आयदिन गिरणीत लागला. दाढी त्यानं ठेवली, टीव्ही पण ठेवला. वसवियाची लाकडं तोच फोडून द्यायचा, आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही.

पुढे कायदा झाला. त्याच्यामागून प्रकल्प आले. तरुणांनी परदेशी लढाईला जाऊ नये म्हणून कार्यशाळा, टोप्या, पेनं, फुगे. तज्ज्ञ आले, आम्हाला गोल बसवून प्रत्येकाला लोकरीचा गुंडा फेकायला लावला. कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण लोकर चांगली होती, मी खिशात घालून आणली. कुणीतरी त्यांना झुमराची गोष्ट सांगितली. मग तालुक्याच्या सांस्कृतिक भवनात झुमराचा सत्कार ठरला.

आख्खं लुगोवी गिरणीच्या व्हॅनमधून गेलं, आयदिननं चालवली. वसविया पण आली, निळा सूट घालून. "झुमराचा सत्कार आहे, मी नको का?" म्हणाली. भवनात सँडविचं होती, परदेशी बाई होत्या, नव्या गणवेशातला रेफिक दारात उभा होता. मंचामागे मोठा फलक होता, त्यावर आसपासच्या गावांची नावं आणि प्रत्येकापुढे तिकडे लढायला गेलेल्या माणसांचा आकडा. माईकवाला पोरगा एकेक वाचत होता आणि आमच्या नावापाशी आल्यावर त्यानं आवाज चढवला.

"आणि लुगोवी... शून्य!"

टाळ्या पडल्या. एल्मिन कागदोपत्री ऑस्ट्रियात होता. त्याच्या आईनंच तसं सांगितलं होतं, सगळ्यांना, कायम. आमच्या रांगेतल्या कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते.

झुमराला वर बोलावलं. तिच्या गळ्यात फीत घातली, हातात एक खोका दिला. विजेवर चालणारं कॉफीचं यंत्र होतं. माईकवाल्यानं विचारलं, "मावशी, सांगा सगळ्यांना, हे शून्य तुम्ही कसं साधलंत?"

झुमरानं खाली पाहिलं, थेट वसवियाकडे. तिची काय गत झाली असेल ते मला बसल्या जागी कळत होतं. खरं बोलावं तर एल्मिनला भर सभेत मारायचं, वसवियाचा सगळा व्हिएन्ना मोडायचा. गप्प बसावं तर तो पोरगा कधी गेलाच नाही, कधी नव्हताच. खोका छातीशी धरून ती म्हणाली, "माझ्याकडे... पाहुणे आले होते." 

"वा! पाहुणे!" माईकवाला म्हणाला. "शून्यासाठी पुन्हा एकदा जोरदार..."

माझ्या शेजारी खुर्ची सरकली. वसविया उभी राहिली होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"एक," ती म्हणाली.

"काय म्हणालात, मावशी?"

"शून्य नाही. एक. एल्मिन. माझा."

मागच्या रांगांत टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या थांबायला जरा वेळ लागला. झुमरानं खोका मंचावर ठेवला आणि पायऱ्या उतरून तिच्याकडे आली.